बिनशेपटीची पोरं

लावणी उरकून खाचरं हिरवी धरू लागली, की आमच्या अलोऱ्यात एक पंधरवडा असा येतो, की माणसांना फारसं काम नसतं आणि कपडे काही केल्या वाळत नाहीत. कपाटातल्या पर्सला बुरशी येते, बरणीतलं मीठ पाणी होऊन बसतं, काडेपेटी पेटायचं नाव घेत नाही. अशा दिवसांत शहाण्या म्हाताऱ्या पांघरूण घेऊन पडून राहतात. मी छत्री घेते, एसटीत बसते आणि पोफळीला जाते.

सून म्हणते, "आई, एवढ्या पावसात तिकडे आहे काय?"

"आवाज आहे," मी सांगते.

ती बिचारी समजून घेते. वय झालं की माणसाला कसले कसले आवाज येतात, असं तिला वाटत असावं, आणि मीही तो समज दूर करत नाही. थोडं वेड पांघरलं की म्हातारपणी पुष्कळ मोकळीक मिळते.

आवाज मात्र खरा आहे. दुपार कलली, पावसानं जरा उसंत दिली, ढग घाटाच्या कड्यावरून उतरून कारवीत अडकले, की तो सुरू होतो. टिक्. मग थांबून टिक्-टिक्. काचेच्या पेल्यावर कुणी नखानं वाजवावं तसा. जवळ जावं तर बंद. मागं फिरावं तर पाठीमागून पुन्हा टिक्, जसं काही आपल्याला चिडवतंय. हा आवाज मी पोफळीच्या कॉलनीत, क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून अकरा पावसाळे ऐकला आणि अकरा पावसाळे येईल त्याला सांगितलं, की हा एक किडा आहे. कुणी विचारलं नसलं तरी सांगितलं.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. यजमान वीजगृहात नोकरीला, मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला. वय एकतीस-बत्तीस. विद्यापीठात पहिली आलेली, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था मी करत असे. साडीला जुळणारी छत्री. भर पावसात कडक इस्त्री. बाजारात बोंबील घेताना मी एकदा त्याचं लॅटिन नाव उच्चारलं, तेव्हा कोळीण म्हणाली, "त्या नावानं महाग पडंल गो बाय, बोंबील म्हणूनच ने." सगळा बाजार हसला. घरी येऊन मी यजमानांना म्हटलं, "लोकांना ज्ञानाची कदरच नाही." यजमान बोंबील खात राहिले.

आज ती प्राध्यापक बाई मला एसटीत शेजारी भेटली तर मी जागा बदलीन.

येसू आमच्याकडे सकाळी कामाला यायची. कॉलनीच्या वर, तासाभराच्या चढावर तिची वाडी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. डोक्यावर इरलं, ओचा खोचलेला, हातात कधी भारंगीचा पाला, कधी गवताच्या काडीनं बांधलेल्या दोन कुर्ल्या, म्हणजे खेकडे. भांडी घासता घासता बोलायची. रानात काय फुललं, कुठल्या झाडाला मोहोळ लागलं, ओढ्याला कुठवर पाणी चढलं. मी पेपर तपासत "हं, हं" करायची. प्राणिशास्त्र माझ्या मते पुस्तकात होतं. ही आपली बडबड.

एका वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी मी घरी तक्ता रंगवत होते. बेडकाचं जीवनचक्र. तुम्हीही शाळेत पाहिलं असेलच. पाण्यातली अंडी, मग शेपटीवालं पिल्लू, मग त्याला मागचे पाय, मग पुढचे पाय, मग शेपूट जाऊन बेडूक, आणि बाणाबाणांनी फिरून पुन्हा अंडी. श्रावणातल्या शुक्रवारी कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या, म्हणून तक्ता मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा पसरून ठेवला होता. रंग वाळायला, असं मी म्हणत होते.

कपबश्या गोळा करता करता येसू तक्त्यापाशी थांबली. "वयनी, समद्या बेडकांचा असाच असतो काय वो?"

"सगळ्या बेडकांचं असंच."

"आमच्या गडग्यात येक हाय, बारीक. त्याच्या पोरांना शेपटीच नसती. अंड्यातनं बेडूकच येतो भायेर, राईएवडा. सासूनं दावलान मला."

गडगा म्हणजे आमच्याकडे जांभ्या दगडांचा, मातीचुन्याशिवाय नुसता रचलेला बांध. त्यात म्हणे बेडूक, आणि त्याची पोरं बिनशेपटीची! मी हसले. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी येसूला तक्त्यासमोर उभी केली आणि पट्टी घेऊन तिच्याकडून पाठ करून घेतलं. अंडी, शेपटीवालं पिल्लू, मागचे पाय, पुढचे पाय, बेडूक. दोनदा. हातातला कपबश्यांचा ट्रे खाली न ठेवता तिनं दोन्ही वेळा न चुकता म्हटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आज आपण एका अडाणी बाईला विज्ञान दिलं, या आनंदात मी त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी येसू वेळेवर आली. भांडी नेहमीसारखी लख्ख घासली. पुढं सहा वर्षं घासली. पण रानातलं म्हणून एक अक्षर तिनं मला पुन्हा सांगितलं नाही, आणि ते माझ्या ध्यानात यायलाही कित्येक महिने लागले. घरातला रेडिओ बंद पडावा आणि आपण पुष्कळ दिवसांनी म्हणावं, हल्ली सुनंसुनं का वाटतंय बाई, तसं.

माणूस स्वतःचा मूर्खपणा फार नीट घडी घालून ठेवतो, कपाटाच्या अगदी तळाशी. माझा बाहेर निघाला तीन वर्षांपूर्वीच्या याच पंधरवड्यात, आणि बाहेर काढला माझ्या नातीनं.

चिन्मयी माझ्या लेकीची लेक. ही मंडळी दापोलीला असतात. पोर बेडकांवर संशोधन करते असं मी नातलगांत ताठ मानेनं सांगते आणि नातलग "अगंबाई, मग लग्नाचं काय?" अशा चेहऱ्यानं बघतात. त्या पावसात ती एसटीतून उतरली ती पाठीवर हे एवढं बोचकं, गळ्यात आवाज टिपायचं यंत्र आणि पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. चहासुद्धा न घेता तिनं माझ्या कानांत इअरफोन घातले. टिक्. टिक्-टिक्.

"आजी, ओळख कुणाचा आवाज?"

"किड्याचा," मी म्हटलं. सवयच ती.

"बेडूक आहे. आणि आजवर माहीत असलेल्या एकाही बेडकाशी हा आवाज जुळत नाही. पोफळीच्या वर टिपलाय."

मी इअरफोन काढून ठेवले आणि चहाला आलं किसायला उठले.

नुसत्या आवाजावर नवी जात मांडता येत नाही. बेडूक हातात यावा लागतो. त्याची लांबी, बोटं, कातडीवरचे उंचवटे बघायचे, त्याचं कूळ कुणाशी लागतं ते तपासायचं, तो राहतो कुठं, त्याची वीण कशी, हे डोळ्यांनी पाहायचं. आणि एक-दोन नमुने औषधात घालून संग्रहालयात कायमचे ठेवायचे, म्हणजे पुढं कुणी शंका काढली तर बोट ठेवायला जागा. दोन पावसाळे चिन्मयी त्या आवाजामागं फिरत होती आणि बेडूक एकदाही दिसला नव्हता.

"या पावसातही नाही मिळाला तर विषय सोडून दे, असं सर म्हणालेत," ती म्हणाली आणि खाली वाकून गमबुटाच्या नाड्या बांधत बसली. गमबुटाला नाड्या नसतात. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आम्ही दोघी पोफळीला ओळखीच्यांकडे जाऊन राहिलो. वाटाडी अर्थातच मी. बेडूक तिथं पाणी, हे मी जन्मभर फळ्यावर लिहिलेलं, तेव्हा पोरीला घेऊन गेले ती ओढ्यावर. बारा दिवस. दगडांखाली पाहिलं, डबक्यांत पाहिलं, धबधब्याचे तुषार अंगावर घेत कपारीत पाहिलं. इतर बेडूक ढिगानं भेटले. पिवळेधमक, पाठीवर रेघ असलेले, उगाचच गाल फुगवून बसणारे. आपला टिकटिक्या मात्र पाण्याच्या बाजूनं कधी बोललाच नाही. तो बोलायचा वरून, उतारावरून, वाडीच्या अंगानं.

आणि आता कबूल करते. मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं. आलं किसतानाच. येसूचा ट्रे, माझी पट्टी, टाळ्या, सगळं. पण ते सांगायचं तर तक्त्याची गोष्टही सांगावी लागली असती, आणि नातीच्या लेखी मी अजून हुशार आजी होते. ती हुशारी मी बारा दिवस ओढ्यात भिजवत ठेवली. पोरीचा एकेक दिवस जात होता, आणि मी तिला "हा दगड उलट, तो दगड उलट" सांगत होते.

बाराव्या दिवशी चिन्मयी पायरीवर मोजे पिळत बसली होती. पाणी गळून थांबलं तरी पिळतच होती. "आजी, उद्या परत जाऊया. मला नाही जमत हे."

तेव्हा सांगितलं. तक्त्यासकट, पट्टीसकट. तिनं मोजा खाली ठेवला.

"अंड्यातून थेट बेडूक? आजी, अशा जाती असतात! त्यांना पाणी लागतच नाही! आणि तू बारा दिवस गप्प बसलीस?"

"चाळीस वर्षं," मी म्हटलं. "बारा दिवस वर."

तिनं उठून छत्री आणलीन आणि माझ्या हातात दिलीन.

वाडी तशीच होती, फक्त कौलं जाऊन पत्रे आले होते. येसू पडवीत तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, कापत बसलेली. दोन्ही मुलगे मुंबईला, सून शेतावर. तिनं मान वर केली. "कोन, वयनी? आदी बसा. मग धापा टाका."

मी बसले. मग पावसावर बोलले. तिच्या नातवंडांची चौकशी केली. माझ्या गुडघ्याचं दुखणं सविस्तर सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, तेल कुठलं लावते. चिन्मयी मला कोपरानं ढोसत होती. येसू तवशाच्या फोडी पुढं करत शांतपणे म्हणाली, "वयनी, तुमी येवडा डोंगर चडून गुडगा दावायला नाय आलाव."

"येसू," मी म्हटलं, "तो तुमच्या गडग्यातला बेडूक..."

तिनं विळी आडवी केली. बाहेर पडणाऱ्या पावसाकडे बघत, शाळेतल्या पोरासारख्या एका सुरात म्हणाली, "अंडी. शेपटीवालं पिल्लू. मागचे पाय. पुढचे पाय. बेडूक."

एक अक्षर चुकलं नाही.

चिन्मयी जमिनीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी चुकले होते, येसू." इतकी वर्षं शिकवलं, पण हे वाक्य विद्यार्थ्यांच्या देखत मी कधी उच्चारलेलं नव्हतं. तोंडात ते कसं फिरवायचं तेच कळेना.

"चुकलाव त्याचा काय नाय. मानूस चुकतो," ती म्हणाली. "पन येकदा बगायला तरी यायचा व्हता. तासाची तर वाट."

बस, इतकंच. मला तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मुलांना शिकवत आले ते काय? आधी बघा, मग बोला. निरीक्षण, मग निष्कर्ष. परीक्षेत या प्रश्नाला हमखास गुण द्यायचे मी. आणि दिवसातले दोन तास, एक चढायचा न् एक उतरायचा, माझ्याच्यानं निघाले नाहीत, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं.

येसू उठली, प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतलीन आणि आमच्या पुढं चालायला लागली.

घरामागच्या चढावर जुना गडगा होता, शेवाळानं मखमली झालेला, फटीफटीतून नेचे लोंबणारे. येसू एका ठिकाणी थांबली, दोन बोटांनी नेचा बाजूला केलान. आत, ओल्या शेवाळावर, भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. आठ-दहा. आणि प्रत्येक दाण्यात, काचेत ठेवावा तसा, पाय पोटाशी घेतलेला एकेक अख्खा बेडूक. शेपटीचा पत्ता नाही. माझ्या तक्त्याचा मधला सगळा भाग या कुटुंबानं सरळ गाळून टाकला होता. अंड्यांना खेटून बाप बसलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, मोहरीच्या फुलाच्या रंगाचा, डोळ्यांत सोन्याची कड. आम्ही तिघी त्याच्यावर वाकलो होतो, तरी तो हलला नाही.

चिन्मयीनं कॅमेरासुद्धा काढला नाही किती वेळ. मग हळूच झोळीतून डबी काढली.

"त्याला नेनार काय?" येसूनं विचारलं.

चिन्मयीनं समजावून सांगितलं. वनखात्याची परवानगी आहे, नाव द्यायचं तर एक नमुना ठेवावाच लागतो, त्याशिवाय जगात तो आहे असं कुणी मानत नाही.

येसू ऐकत होती. "म्हंजे बारसा करायला पोर मारायचा?"

चिन्मयीनं माझ्याकडे पाहिलं. मी तर कितीएक वर्षं बेडूक कापायला शिकवलेली बाई, माझ्याकडे याचं उत्तर तयार असायला हवं होतं.

"आमी पोरांवाली कुर्ली पकडली तर सोडतो," येसू म्हणाली. "पोटाखाली पिल्लं दिसली की परत वढ्यात. कालवनाला दुसरी गावतेच. तुला न्यायचा तर येकटा ने. हा पोरांवर बसलाय."

चिन्मयीच्या परतीच्या गाडीला तीन दिवस होते. तीन पावसाळ्यांत दिसलेला हा पहिला बेडूक, आणि हातभर अंतरावर. खरं सांगते, "घे" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. पोरीनं डबीचं झाकण लावलं आणि डबी झोळीत टाकली. मी तो शब्द गिळला. आजवर गिळलेल्या शब्दांत एवढा एकच चांगला निघाला.

मग तीन दिवस आम्ही गडगा धुंडाळला. येसू पुढं, चिन्मयी मध्ये, मी मागं, गुडघ्याला शिव्या देत. तिसऱ्या दिवशी चार वाजता, गडग्याच्या दुसऱ्या टोकाला, येसूनं हात वर केलान. नेच्यांच्या दोन पानांवर दोघं नर, चार हातांच्या अंतरानं, एकमेकांना टिक्-टिक् ऐकवत बसलेले. जवळ अंडी नाहीत, कुटुंबकबिला नाही. येसूनं आजूबाजूच्या फटी स्वतः तपासल्यान आणि मग मान हलवलीन.

त्या संध्याकाळी औषध भरताना चिन्मयी रडली. प्रॅक्टिकलला माझ्याही वर्गात मुलं रडायची, आणि मी त्यांना "भावनाविवश होऊ नका" असं सुनवायची. हिला काही म्हटलं नाही. बाटल्या पुसून दिल्या, चिठ्ठ्यांवर जागा, दिवस, वेळ लिहून दिली. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

नावाचा प्रश्न आला तेव्हा चिन्मयीची फार इच्छा होती, बेडकाला येसूचं नाव द्यावं. मीच निरोप घेऊन गेले. येसूनं हात झाडले. "नको गो बाय. माज्या नावाचा बाटलीत कशाला बसवता? मी हाय ती बरी हाय उघड्यावर." मग दगडी बांधात राहणारा, अशा अर्थाचं लॅटिन नाव ठेवलं. ते मला येतं, पण बाजारात मी उच्चारत नाही.

शोधनिबंध छापून यायला वेळ लागला. तपासणाऱ्यांनी बऱ्याच शंका काढल्या, आणि त्यात एक अशी, की या बेडकाची पिल्लं थेट अंड्यातून येतात हे स्थानिक बाईंना पूर्वीपासून ठाऊक होतं असं तुम्ही म्हणता, याला आधार काय? आधार कुठला असणार? हळदीकुंकवाच्या बायका पांगल्या, कित्येक गेल्या. साक्षीदार उरली एकटी मी. चिन्मयीनं फोन केला. "आजी, तुला लेखी द्यावं लागेल. तुझ्या नावानिशी. चालेल?"

चालेल म्हटलं. कागद पुढं घेतला आणि तीन ओळी लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

यंदा निबंधाची छापील पानं पिशवीत घालून पोफळीला गेले. येसूच्या पडवीत बसून चष्मा लावला आणि ते इंग्रजी वाक्य तिला मराठीत सांगितलं. आधी येसूचं संपूर्ण नाव, गाव. मग असं की, या बेडकाच्या अंड्यांतून थेट पिल्लं बाहेर पडतात ही माहिती यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेला दिली होती, परंतु प्राध्यापिकेनं ती नोंदवली नाही. कंसात माझं नाव. म्हणजे प्राणिशास्त्रात माझं नाव राहिलं ते एवढ्या एका कामगिरीसाठी. यजमान असते तर जेवता जेवता ठसका लागला असता त्यांना.

येसूनं पान हातात घेतलं, स्वतःचं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवून घेतलं. मग म्हणाली, "आनि तुमी हसलाव ते?"

"ते नाही यात."

"का वो?"

"अगं, शास्त्राच्या कागदात हसण्याबिसण्याला जागा नसते."

"मग जितं जागा असंल तितं लिवा," येसू म्हणाली.

लिहिते. येसू, तू खरं तेच सांगितलं होतंस, आणि मी तोंडाला पदर लावून, खांदे हलवून, चारचौघींना दिसेल अशी हसले होते.